सभेच्या आधीचं नाटक

साखर कारखान्याचं नाट्यगृह मी सांभाळायचो असं सांगितलं की लोक विचारतात, मग नाटकं भरपूर पाहिली असतील तुम्ही. मी हसतो आणि विषय बदलतो. पाहिले ते मेळावे, निवडणुकीची प्रशिक्षणं, शाळांची स्नेहसंमेलनं, सत्कार आणि एका संचालकाच्या पुतणीचं लग्न. यातून एखादी तारीख उरली तर नाटक.

उसाचे दिवस बरे होते तेव्हा कारखान्यानं ते बांधलं. शहरातल्या माणसांना जे बघायला मिळतं ते आपल्या सभासदालाही मिळावं, असं तेव्हाच्या चेअरमननी ठरवलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोवर आमच्याकडं नाटक म्हणजे जत्रेतलं, बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकून केलेलं. डोक्यावर छप्पर, बुडाखाली खुर्ची आणि वर पंखा, याचं फार अप्रूप. पहिली काही वर्षं पुण्या-मुंबईच्या कंपन्या येत. केजहून, दिंद्रुडहून जीप भरून माणसं येत. बायका भाकरी बांधून आणायच्या आणि मध्यंतरात खुर्चीतच फडकं सोडून बसायच्या. कंपनीवाले आधी नाकं मुरडायचे, मग त्यांच्यातच बसून ठेचा खायचे.

पुढं कंपन्या यायच्या बंद झाल्या. पडदा मोटारीवर सरकायचा, ती मोटार जळाली. दुरुस्तीचा विषय दर बैठकीत पुढच्या बैठकीवर ढकलला जायचा, म्हणून मी आणि शिपाई दोन बाजूंनी दोर ओढायचो. रंगपटाच्या खोलीत एसी होता, तर संचालक मंडळ जेवायला तिथं बसू लागलं आणि नट जिन्याखाली तोंड रंगवू लागले. पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या, संचालकांसाठी राखीव. संचालक नाटकाला येत नसत, पण त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही असा मला हुकूम. सहकारात मालक सभासद असतो, हे मीच शाळेतल्या पोरांना कारखाना दाखवताना सांगायचो. तो मालक मागं लाकडी खुर्चीत, आणि नट बिचारे रिकाम्या सोफ्यांना संवाद ऐकवताहेत. हे बघून बघून मला वीट आला होता.

वार्षिक सभा याच मंचावर व्हायची, याच माइकवर. सचिव विषय वाचायला लागले की पुढच्या रांगांतले कार्यकर्ते ‘मंजूर’ म्हणून ओरडायचे आणि मागचा सगळा हॉल त्यांच्या आवाजात आवाज मिसळायचा. विषय वाचून संपलेलाही नसायचा. बाहेर मंडपात कढया चढलेल्या असायच्या आणि रश्श्याचा वास आत यायचा, त्यामुळं सगळ्यांनाच घाई. ही सवय माणसांच्या इतकी अंगात मुरली की नाटकातही उठायची. मंचावर मुलगा बापाला म्हणाला, ‘बाबा, लग्न करीन तर हिच्याशीच,’ की मागून कुणीतरी ‘मंजूर’ म्हणून ठोकायचा आणि हॉल हसायचा. बाहेरचे नट गोंधळून जायचे. आमचे गावचे नट मात्र टाळीला थांबावं तसे त्या शब्दाला थांबायचे.

मग दुष्काळ आला, आणि एका वर्षावर भागलं नाही. धरणात पाण्याच्या जागी भेगाळलेला गाळ दिसू लागला. उसाची कांडी नाही, त्यामुळं बॉयलर पेटला नाही. नाट्यगृहाच्या टाकीत टँकर येईना, तेव्हा मी संडासांना कुलपं लावली. तालमीला येणारे हौशी नट खोबरेल चोळून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं रंग पुसायचे आणि तसेच तेलकट तोंडानं घरी जायचे.

सभेच्या आधी काही आठवडे चेअरमननी मला बंगल्यावर बोलावलं. हे नवे चेअरमन, मोठ्या जमीनदार घरातले, पण बोलायला सरळ.

“म्यानेजर, कारखान्याची चारा छावणी सुरू करायलोय,” ते म्हणाले. “चारा ठेवायला छप्पर पायजे. तुमचा हॉल घ्यावा म्हनतो.”

“साहेब, साखरेचं गोदाम रिकामं आहे की.”

“त्याला बँकेचं सील हाय. खुर्च्या काढून ठेवू. पाऊस पडला की पुन्हा लावू.”

“काढलेल्या खुर्च्या पुन्हा लागत नाहीत, साहेब.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “जनावरं हाडाला आलीत. तुमचं नाटक मोठं का त्यांचा घास, सांगा बरं मला.”

जनावरं खरंच हाडाला आली होती. पण मला हेही माहीत होतं की चारा पत्र्याच्या शेडातही राहतो, आणि नाटक शेडात राहत नाही. एकदा हा हॉल गेला की या तालुक्यात पुन्हा कुणी बांधणार नव्हतं. तसं मी बोललो. थोडं चढ्या आवाजात बोललो असेन.

“मला सांगून काय उपेग,” चेअरमन म्हणाले. “मालक सभासद हायती. इषय सभेत येनारच हाय. एकानं जरी न्हाई म्हनलं तर म्या तिथंच मागं घेतो. शब्द हाय आपला.”

तो माणूस शब्दाला पक्का होता, हे मी आजही म्हणेन. अडचण माझी होती. मी नोकर, सभासद नव्हे. सभेत मला तोंड उघडायचा अधिकार नव्हता, माझं काम माइक सांभाळायचं. तेव्हा मी दुसरी वाट काढली. सभेच्या दिवशी सकाळी आपल्याच गावच्या मंडळींचं नाटक ठेवू द्या, म्हणालो. चेअरमनना ते आवडलं. नाटकाच्या निमित्तानं माणसं लवकर येतील, सभा वेळेवर भरेल, असा त्यांचा हिशेब. माझा हिशेब वेगळा होता. माणसं या खुर्च्यांत बसून एक नाटक बघतील आणि तासाभरानं त्याच खुर्च्या काढायचा विषय येईल, तेव्हा एकाला तरी वाईट वाटेल. मला एकच माणूस हवा होता.

मंडळी म्हणजे तहसिलातला एक कारकून, दोन एसटी कंडक्टर आणि प्राथमिक शाळेतल्या एक बाई. नाटक बाईंनीच लिहिलं होतं. दुष्काळ पडतो, घरातली माणसं ऊस तोडायला दूर जायला निघतात, मागं ठेवायचं कुणापाशी म्हणून आठवीतल्या पोरीचं शाळेतून नाव काढून लग्न लावायचं ठरतं. एवढीच गोष्ट. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात ती होऊन गेलेली.

त्या सकाळी हॉल भरला. बऱ्याच वर्षांनी मी तो नाटकासाठी भरलेला पाहिला, आणि पडद्याचा दोर हातात धरून भरलेल्या रांगा मोजत राहिलो. अगदी मागच्या रांगेत दाराशी एक म्हातारा सभासद बसला होता. थोडासा ऊस लावणारा, पण खरा धंदा मेंढरांचा. खांद्यावर घोंगडी टाकून तो आमच्या प्रत्येक नाटकाला यायचा आणि कधी एक शब्द बोलायचा नाही.

दुसऱ्या अंकात बैठकीचा प्रसंग होता. पोरीचा चुलता झालेला कारकून मंचाच्या मध्यात येऊन म्हणाला, “मग ठरलं. पोरगी उजवून टाकायची.”

“मंजूर,” पुढून कुणीतरी ओरडला. दहा-वीस जणांनी री ओढली आणि हशा पिकला.

आईचं काम बाई करत होत्या. त्या हशाला थांबल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मंचाच्या कडेपर्यंत आल्या आणि नुसत्या माणसांकडं बघत उभ्या राहिल्या. तालमीत असं काही नव्हतं. हसणं हळूहळू विरलं. मग मागच्या रांगेत तो मेंढरांवाला उभा राहिला.

“नामंजूर,” तो म्हणाला. “कावून काढता पोरीला शाळंतून? शिकू द्या.”

हॉलमध्ये हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. एका बाईनं तो उचलला, मग तिच्या रांगेनं, मग सगळीकडून नामंजूर, नामंजूर. कारकून आपलं पुढचं वाक्यच विसरला. विंगेतून त्याला कुणी सांगितलं तरी ऐकू जाईना. पडदा ओढताना शिपाई मला पलीकडून हातानं खुणावत होता की जिंकलो. मलाही तसंच वाटलं. इतक्या वर्षांची मरगळ अंगावरून उतरल्यासारखी झाली.

सभेला वेळ थोडा होता, त्यामुळं नाटकातली घराची भिंत काढता आली नाही. तिच्यापुढंच टेबलं लावून संचालक बसले. मी माइकच्या पेटीपाशी जाऊन बसलो. अहवाल मंजूर झाला, ताळेबंद मंजूर झाला, दुखवट्याला माणसं उभी राहून बसली. मग सचिवांनी वाचलं की दुष्काळ लक्षात घेता हे नाट्यगृह पुढील निर्णय होईपर्यंत चारा साठवण्यासाठी वापरावं.

“मंजूर.”

चेअरमननी शब्द पाळला. ते पुढच्या विषयाला गेले नाहीत. त्यांनी माइक जवळ ओढला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, “कुनाची हरकत असंल तर सांगा बरं. हा हॉल जानार हाय.” मी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, मागच्या रांगेला नीट ऐकू जावं म्हणून. मागच्या रांगेत तो म्हातारा बसलेला मला दिसत होता. बाहेर कढयांवरची झाकणं वाजली, माणसं चुळबुळली आणि आधीपेक्षा मोठ्या आवाजात सगळा हॉल म्हणाला, मंजूर, मंजूर. त्याचेही ओठ हलले.

पुढं पाऊस झाला, चारा संपला, आणि त्या जागी खताची पोती आली. हे मी इथंच सांगून मोकळा होतो.

सभा संपल्यावर मी दाराशी उभा होतो. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. तो म्हातारा गर्दीतून वाट काढत मुद्दाम माझ्यापाशी आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

“लई ग्वाड झालं नाटक, साहेब. म्हाताऱ्याला रडिवलं तुमी. आता पुढचं कवा हाय?”

“पुढचं नाही,” मी म्हणालो. “इथं आता चारा भरणार.”

“कुनी ठरिवलं हे?” तो खरोखर चिडला. “आमाला इचारलं बी न्हाई.”

“विचारलं, बाबा. आत्ताच विचारलं. तुम्हीच मंजूर म्हणालात.”

त्याला माझी कीव आली असावी.

“आवो साहेब, ते सभंतलं,” तो म्हणाला. “त्येचं काय घिऊन बसलाव? नाटकात म्हनलं की म्या न्हाई म्हनून.”

पंगतीतून त्याला कुणीतरी हाक मारली, तसा तो घोंगडी सावरत गेला. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन मी आणि शिपाई मागच्या रांगेपासून खुर्च्या सोडवायला लागलो.