आठ रांगा आणि पहिलीतली गर्दी

आमच्या काकूला नोकरीवरून काढलं, ही बातमी बिल्डिंगभर झाली ती तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंमुळे. "अहो, भर दुपारी जिन्यात बसलेली! आणि काय पुटपुटत होती? ‘सगळे पहिल्याच रांगेत का? बाकीच्या सात ओस का?’ जिन्यात चिटपाखरू नाही हो! बाईला रांगाऽऽ दिसायला लागल्यात!" त्या ‘रांगाऽऽ’ असा सूर लावत, की ऐकणाऱ्यालाही कठड्याला टेकलेली चार माणसं दिसावीत.

खरं म्हणजे काकूला कुणीही काढलं नव्हतं; ती काम घरून करायची आणि डोकं अडलं की जिन्यात जाऊन बसायची. रांगा मात्र होत्या, आणि त्या तिनेच बांधल्या होत्या.

संगणकात नेटवर्कचं कार्ड असतं. बाहेरून येणारं सगळं तिथे तुकड्यातुकड्यांनी येऊन पडतं. त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर लिहिणं हे काकूचं काम. पूर्वी आलेल्या तुकड्यांची एकच रांग लागायची. ती उपसता उपसता एका प्रोसेसरच्या नाकी नऊ यायचे आणि बाकीचे सात माशा मारत बसायचे. काकूने आठ रांगा केल्या, प्रत्येकीला आपापला प्रोसेसर. कुठला तुकडा कुठे उभा राहणार ते कार्ड ठरवणार: पाठवणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा पत्ता घ्यायचा, काकूने दिलेल्या एका गुप्त आकड्याशी त्याचा हिशेब करायचा, उत्तर येईल ती रांग.

कागदावर झकास. चालवून बघितलं तर सगळे पहिल्या रांगेत.

आणि डोक्यावर मुकादम. हे काही त्याचं नाव नव्हे, पण त्याच्या होकाराशिवाय सिस्टीममध्ये एक ओळ जात नसे, म्हणून सगळे त्याला तसंच म्हणत. तो नाकातून, दोन शब्दांवर तिसरा शब्द खर्च न करता बोलायचा. "शुक्रवारपर्यंत चालव. नाहीतर वगळतो." काकूची वर्षभराची मेहनत त्या ‘वगळतो’त मावत होती.

काकूला वाटलं, चाचणीला एकच मशीन बोलतंय म्हणून एकच रांग भरतेय. तिने ऑफिसातली होती नव्हती ती मशीन्स जुंपली. ती सगळी इमानदारीत पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. आकडा तपासला. बरोबर. कार्ड बदललं. येरे माझ्या मागल्या.

"अगं, पहिल्या रांगेत काही फुकट वाटतायत का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो."

"नाही, म्हणजे मीही उभा राहिलो असतो."

गुरुवारी वैतागून तिने ड्रायव्हरातली कार्ड रीसेट करणारी ओळ उचलली आणि वर, अगदी आरंभी नेऊन टाकली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आठही रांगा भरल्या. आनंदाने उडी मारावी की नाही? काकू पडद्याकडे अशी बघत राहिली, जणू बंद घराच्या आतून कुणी कडी वाजवली. "न चालणं कळत नव्हतं ते परवडलं गं," ती मला म्हणाली, "आता चालणंही कळेना!"

"चालतंय ना? पाठव!"

"आणि मुकादमाने विचारलं, का चालतंय?"

"तो कशाला विचारतोय? त्याला रांगा भरलेल्या हव्या होत्या. भरल्या."

"लाव पैज. हरलीस तर महिनाभर कुणाची नक्कल नाही."

सगळ्यांच्या नकला करणं हा माझा धंदाच; तरी मी हसत हसत टाळी दिली.

काकू पुन्हा खुर्चीत रुतली. ओळ परत खाली नेली आणि या वेळी तो आकडा कार्डातूनच वाचून घेतला, अगदी शेवटी, सगळं झाल्यावर. शून्य. सगळी घरं शून्य. "अरे देवा! मीच पाटीवर लिहितेय आणि मीच पुसतेय!" आकडा भरून झाल्यावर रीसेट, आणि रीसेटने कार्ड कोरं. मग हिशेब कुणाचाही करा, उत्तर शून्य, आणि शून्य म्हणजे पहिली रांग. इतके दिवस ती आकडा तपासत होती, पण पुसण्याआधी. हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचं कोडं तिला पुढे दोन दिवस पुरलं.

शुक्रवारी सकाळी काकूने बदल पाठवला, पण मुद्दाम कारण न लिहिता. कारण तिच्याजवळ तयार होतं. पण पैजेचा निकाल लावायचा होता. चहा निवायच्या आत मुकादमाचं उत्तर आलं.

"का?"

काकूने कारण धाडलं. "बरं. घेतलं," आलं. काकूने डोळे मिटून पाठ खुर्चीला टेकली, मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तो ‘का’ नाकातून कसा आला असेल ते माझ्या घशाशी आलं होतं. तिथेच गिळलं.