रुमाल गेला, मी राहिले

नर्सिंगच्या मुलाखतीसाठी मला नागपूरला जायचं होतं. सौंसरच्या स्टँडवर बाबांनी आम्हा बहीणभावांना सांगितलं, गाडी लागली की खिडकीतून काहीतरी टाकून जागा धरा. धाकटा भाऊ अर्धंच ऐकून पळाला आणि बाबांचा दुपट्टा उलट दिशेच्या छिंदवाड्याच्या गाडीत टाकून स्वतःही चढून बसला. बाबा ओरडत त्याला उतरवायला धावले.

मी रुमाल बरोबर नागपूरच्याच गाडीत टाकला. मग टपावर संत्र्याच्या पेट्या चढत होत्या, त्या बघत खाली उभी राहिले. कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली, तीही ऐकली. ती माझ्यासाठी आहे हे डोक्यात उतरेपर्यंत माझा रुमाल ऐटीत नागपूरला निघाला होता.

"काय करून राह्यली होती वं?"

"पाहून राह्यली होती, बाबा."

पुढच्या गाडीने पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. पुन्हा कोणी पाठवलं नाही.

आता मी आजी झाले. परवा नातवाचं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून त्याला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, लक्ष उधळणं वेगळं आणि मनच संथ चालणं वेगळं. मला स्टँड आठवलं. भावाला सगळ्यांनी हाका मारल्या होत्या. मी शहाण्यासारखी उभी होते, म्हणून मला कोणीच हाक मारली नाही.