कानवाल्यांच्या सायकलीतला आवाज

घरापासून कारखान्याचं गेट साडेनऊ किलोमीटर. पहिले तीन सपाट, मग रेल्वे फाटक, मग दीड किलोमीटरचा चढ, आणि उरलेला रस्ता उघड्या माळावरून. सकाळी वारा तोंडावर. कोणी म्हणेल, मग परतताना पाठीवर येत असेल. नाही येत. दुपारी तीनच्या सुमारास वारा फिरतो आणि घरी जाणाऱ्याच्याही तोंडावरच येतो. बावीस वर्षं हा वारा दोन्ही वेळा खाल्ल्यावर माणूस एक तर बस धरतो, नाहीतर कानवाल्यांसारखा होतो.

कानवाले म्हणजे कारखान्यातले मेंटेनन्स फिटर. खरं नाव हजेरीच्या यादीत असेल. तोंडी कोणाच्याच नव्हतं. रोज सकाळी सात वाजता ते दोन हात लांबीची एक सळई घेऊन निघत. सळईचं एक टोक मशीनच्या बेअरिंगवर, दुसरं कानाच्या मागच्या हाडावर. डोळे मिटायचे, दहा आकडे मोजायचे, पुढचं मशीन. बेचाळीस मशीन, त्यातली अकरा वरच्या माळ्यावर, शिडीने चढून. दीड तासाची ही फेरी. ‘सहा नंबरचं डावं बेअरिंग आठवडाभर चालेल’ असं ते म्हणाले की सातव्या दिवशी ते काढून ठेवलेलं बरं, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

आणि अशा माणसाच्या सायकलीतून आवाज यायला लागला.

टक्. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. सपाटीवर हळू, चढावर मोठ्याने. उजवा पाय खालून वर येताना.

रस्त्याला त्यांच्यासोबत दोघे असत. एक वेल्डर, बोलघेवडा. दुसरा गोदामवाला, साडेनऊ किलोमीटरमध्ये साडेनऊ शब्द बोलणारा. वारा कापायला एकाने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला, असा यांचा नियम. फाटकापर्यंत गोदामवाला, चढ संपेपर्यंत वेल्डर, माळावर कानवाले. माळाचा वाटा सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट. तो दुसऱ्या कोणाला द्यायला ते तयार नसत.

“दादा,” पहिल्याच दिवशी वेल्डर मागून ओरडला, “तुमच्या सायकलीत कोणी दार वाजवतंय!”

“चेन कोरडी आहे,” कानवाले म्हणाले.

चेनला तेल घातलं. टक्. दुसऱ्या दिवशी पायडल बदललं. टक्. मग पायडलचा दांडा घट्ट धरणारी कॉटर पिन. मग सीटखालच्या स्प्रिंगा. मग मधल्या एक्सलचे छर्रे, जुने सगळे काढून, नवे मोजून, ग्रीसमध्ये एकेक बसवून. तीन आठवड्यांत सायकलीचं अर्ध्याहून जास्त अंग नवं झालं आणि आवाज मात्र जुनाच राहिला.

“बेचाळीस मशिनांचं दुखणं ऐकू येतं,” वेल्डर गोदामवाल्याला सांगे, “आणि बुडाखालचं ऐकू येत नाही.”

“दिव्याखाली अंधार,” गोदामवाला म्हणाला. त्या दिवसाचे त्याचे दोन शब्द संपले.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात नव्या इंजिनिअर मॅडम आल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत एक मीटर आला होता. पाकिटाएवढी पेटी, तिला वायर, वायरच्या टोकाला लोहचुंबकाचं बटण. बटण मशीनला चिकटवायचं, काटा हलतो, किती थरथर आहे ते कळतं. साहेबांना पेटी आवडली. महिनाअखेरीला ठरवू, ते म्हणाले होते. मीटर घेतले तर फेरीची गरज उरणार नाही. फेरी गेली की कानवाल्यांसाठी स्टोअरमधली खुर्ची होती. खिडकीतून नट-बोल्ट द्यायचे आणि सही घ्यायची. चार वर्षं नोकरी उरलेली. बसून काढलेल्या कामाला ते काम म्हणत नसत.

त्यात वेल्डरने घोळ घातला. शुक्रवारी सायकल स्टँडवर मॅडम दिसल्या तशी त्याची जीभ सुटली. “मॅडम, तुमची पेटी एवढी हुशार आहे, तर आमच्या दादांच्या सायकलीतला आवाज शोधून द्या की!”

त्याला वाटलं, आपण दादांची बाजू घेतली. साहेब नेमके मागे उभे होते.

“छान आहे,” साहेब म्हणाले. “सोमवारी सकाळी, इथेच. कानवाले, तुम्हीही शोधा. ज्याला सापडेल त्याचं खरं.”

त्या संध्याकाळी माळावर कानवाल्यांनी मान मागे वळवली नाही. वेल्डरने तीनदा माफी मागितली, तीनही वेळा वाऱ्याला.

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर त्यांनी दारापुढे जुने पेपर अंथरले आणि सायकल पूर्ण सोडवली. पूर्ण म्हणजे पूर्ण. चाकं, क्रँक, फ्रीव्हील, मडगार्ड, घंटीसुद्धा. सगळे भाग सुटतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडले. सांगाडा तेवढा भिंतीला टेकवला. सळई कानाला लावून प्रत्येक भागावर बोटाने ठोकलं. साडेअकरा वाजले. कुठे फट नाही, तडा नाही, झीज नाही. बायको उंबऱ्यात बसून भाजी निवडत होती.

“अहो, एवढ्या वेळात माणूस चालत जाऊन परत आला असता.”

“मध्ये बोलू नकोस. ऐकतोय.”

“ऐका. मी कुठे वाजतेय?”

ग्रीसचा डबा आत राहिला होता. कानवाले उठले.

टक्.

ते जागच्या जागी थांबले. सायकलीकडे पाहिलं. सायकल चौसष्ट तुकड्यांत पेपरवर पडली होती. हळूच खाली बसले. पुन्हा उठले.

टक्.

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली. “सुटी करून ठेवली तरी बोलतेय का हो?”

ते पायरीवर बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, सळईचं टोक उजव्या गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं, दुसरं कानामागे. डोळे मिटून पाय लांब केला, जवळ घेतला. बायको तोंडावर पदर दाबून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते.

“काखेत कळसा,” ती शेवटी म्हणाली.

“हस.”

“हसत नाहीये. दुखतोय का?”

“दुखत नाही. वाजतो.” मग पँट खाली ओढत म्हणाले, “वाजतो म्हणजे झिजलाय. हे कळलं तर शिडी बंद. वरची अकरा मशीन बंद. मग फेरीत उरलं काय?”

बायकोने व्यवहार पाहिला. “कुणाला कशाला कळायला हवं? पिन सैल होती, घट्ट केली, म्हणून सांगा.”

“आणि उद्या परत वाजलं?”

“परत घट्ट करा.”

संध्याकाळपर्यंत सायकल जोडून झाली. आता ती खरोखर चांगली चालत होती. विकत आणली त्या दिवशीही एवढी चांगली नव्हती.

सोमवारी कानवाल्यांनी ठरवलं की वाजायचंच नाही. उजवा गुडघा वाकला की वाजतो. म्हणजे त्यावर जोर द्यायचा नाही. डाव्या पायाने पायडल मारायचं आणि उजवा नुसता पाहुण्यासारखा बाहेर लांब धरायचा. फाटकापर्यंत जमलं. चढावर डाव्या मांडीत आग पेटली. माळावर वारा होता आणि पुढे राहण्याची पाळी यांची होती. एका पायाने, वाऱ्याविरुद्ध, पाच किलोमीटर. हा हिशेब कोणत्याही अंगमेहनतीच्या माणसाला कळेल. गेटपाशी पोचले तेव्हा सातला दोन मिनिटं कमी होती, शर्ट पिळला असता तर बादली भरली असती, आणि डावा पाय जमिनीवर टेकला तेव्हा तो त्यांचा वाटतच नव्हता.

पण टक् झालं नव्हतं.

“गेला!” वेल्डर नाचायला लागला. “दादांनी काढला आवाज! मी म्हणालो नव्हतो?”

“तू काहीच म्हणाला नव्हतास,” गोदामवाला म्हणाला.

सायकल स्टँडभोवती पंधरा-वीस जण जमले होते. साहेब हातात चहाचा कप घेऊन उभे. मॅडमनी सायकल स्टँडवर चढवली, बटण मधल्या एक्सलजवळ चिकटवलं आणि हाताने पायडल फिरवलं. काटा झोपलेला. बटण सीटखाली लावलं, मागच्या एक्सलला लावलं. काटा झोपलेलाच.

“मॅडम, पेटीला चहा पाजा!” कोणीतरी ओरडलं.

“तीन आठवडे आम्ही ऐकतोय,” वेल्डर म्हणाला, “आणि हिला काहीच कळत नाही? बहिरी आहे ही!”

हशा झाला. साहेबांनीही कपात तोंड लपवलं. कानवाल्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘पिन सैल होती, काल घट्ट केली.’ वाक्य जिभेवर तयार होतं. मीटर हरला असता, फेरी राहिली असती, वरचा माळाही राहिला असता.

मॅडमचे कान लाल झाले होते. “मीटर खोटं सांगत नाही,” त्या पुटपुटल्या, पण आवाजात दम नव्हता. त्यांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पेटीच्या पाठीचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. बॅटरी पाहायला, नाहीतर वायर. मग दुसरा स्क्रू. तिसरा.

हे कानवाल्यांना बघवेना. लोक हसले त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, लोक हसतातच. पण दोष नसलेली वस्तू दोष शोधायला म्हणून उघडत बसणं, हेच गेले तीन आठवडे त्यांनी केलं होतं, आणि ती मेहनत कशी पाण्यात जाते ते त्यांना पक्कं माहीत होतं.

“मॅडम, थांबा. पेटी चांगली आहे.”

“काका, पण काटा—”

“मीटर बरोबर दाखवतोय. सायकलीत आवाज नाहीच. मशीनवर बसणाऱ्यात आहे.” ते सायकलीवर चढले, पँट वर केली. “बटण इथे धरा.”

मॅडमनी बटण गुडघ्यावर दाबून धरलं. कानवाल्यांनी उजव्या पायाने पायडल मारलं.

टक्. काट्याने जोरात उडी मारली.

असा हशा उठला की गेटवरचा वॉचमन आत पळत आला. वेल्डर तर खाली बसला. “म्हणजे दादा, तुम्ही तीन आठवडे... ते छर्रे... मोजून...” त्याला पुढे बोलवेना.

“बावीस होते,” कानवाले म्हणाले. “सगळे चांगले होते.”

साहेबांनी दोषांचं रजिस्टर मागवलं. मस्करी म्हणून मागवलं, पण कानवाल्यांनी ते मस्करीत लिहिलं नाही. दोष: आवाज. कारण: उजवा गुडघा. उपाय हा रकाना त्यांनी कोरा ठेवला, कारण माहीत नसलेलं ते लिहीत नसत.

तो रकाना गुरुवारी कारखान्याच्या डॉक्टरांनी भरला. त्यांनी गुडघा पुढे-मागे केला, टक् ऐकलं, आणि विचारलं, “येता कसे?”

“सायकलने. साडेनऊ जाताना, साडेनऊ येताना.”

“ती चालू ठेवा. तीच चांगली आहे. शिडी बंद.”

महिनाअखेरीला एक मीटर विकत घेतला गेला. वरच्या माळ्यावरची अकरा मशीन मॅडमकडे गेली, खालची एकतीस कानवाल्यांकडे राहिली. अकरा गेली ते त्यांना लागलं. तसं ते बोलून दाखवत नसत, पण शिडीजवळून जाताना चाल जरा वाढायची. स्टोअरच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं. दर सकाळी मॅडम वरून खाली येऊन विचारायच्या, “काका, नऊ नंबरचा काटा थोडा वर गेलाय. बेअरिंग की पट्टा?” आणि काका वर न चढता विचारायचे, “फेऱ्याला एकदा की सारखं?”

डॉक्टरांकडे गेले त्याच गुरुवारी घरी निघताना माळ लागला, वारा नेहमीसारखा फिरलेला. कानवाले पुढे जायला लागले तसा वेल्डर आडवा आला.

“दादा, आज तुम्ही मागे. डॉक्टरांचा हुकूम आहे.”

“डॉक्टर असं काही बोलले नाहीत.”

“मी बोलतोय.”

गोदामवालाही सरकून पुढे गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कानवाल्यांच्या पुढ्यात माळावर दोन पाठी होत्या आणि तोंडावर वारा नव्हता. वारा नसला की कानाला किती कमी काम असतं, हे त्यांना तेव्हा कळलं. अर्धा किलोमीटर ते ऐकत राहिले. डोळे जवळजवळ मिटलेले, ओठांवर दहापर्यंत आकडे.

“वेल्डर.”

“काय दादा? दुखतंय का?”

“तुझ्या मागच्या चाकात दोन छर्रे कमी आहेत. उतर.”

“दादा, उद्या बघू हो!”

“उतर म्हणतो ना.”

आणि भर माळावर, वाऱ्यात, वेल्डरला सायकल उलटी करावी लागली.