नुसते ओठ हलवायचे

त्या वर्षी माझा देवीवरही राग होता. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवत असे. नागपूरहून शाळा तपासायला साहेब येणार म्हणून गायनाचा कार्यक्रम ठरला. मोर्शीकडच्या शेतकऱ्यांच्या पाच मुली वसतिगृहात राहत. हेडबाईंनी फर्मावलं, "त्यांना मागे उभं करा. नुसते ओठ हलवू देत. ते राकट गळे आणि ते 'मले-तुले' साहेबांच्या कानी नको." वकिलांच्या मुलींनी गायचं आणि ह्यांनी मुकं उभं राहायचं! मी आतून पेटले. पण नवरा गेल्यावर ह्याच नोकरीवर जगत होते. "बरं" म्हणाले. त्या 'बरं'ची चीड मला अजून येते.

मुलींना सांगितलं तेव्हा थोरली सरू एवढंच म्हणाली, "बाई, मंग आमाले शिकवलं काहून?"

संध्याकाळी अंबादेवीला गेले. हात जोडलेच नाहीत. "पाच पोरींचे गळे दाबताहेत आणि तू नुसती बघतेस?" हे मोठ्यानं निघालं असावं, कारण शेजारी बसलेली एक म्हातारी वळली. तिच्या पायांना शेतातली काळी माती होती.

"देवीले काहून कोसून राहिली, माय? गळे तं तिनं देल्ले. गप तं तूच बसवून राहिली त्यायले."

कोण ही मला बोलणारी! तणतणत प्रदक्षिणेला गेले. परतले तर ती नव्हती. मग मात्र पायरीवर बसून मी पोटभर रडले आणि देवीला म्हणाले, "नोकरीचं तू बघ. मी पोरींचं बघते."

कार्यक्रमाच्या सकाळी हेडबाईंना सांगितलं, "त्या गाणार नसतील तर मी पेटीवर बसणार नाही." साहेब दारात आलेले, दुसरं कोणी पेटी वाजवणारं नव्हतं. पाचही जणी पुढे उभ्या राहिल्या. आयांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी आपल्याच बोलीत म्हटल्या. सरूची पहिली ओळ थरथरली. दुसरीला तिचा गळा असा मोकळा झाला, की मला पेटी नीट दिसेना.

सत्र संपताच मला काढलं. तीन महिने घरी बसले, मग अकोल्याच्या एका शाळेनं बोलावलं. ती म्हातारी कोण, हे मी कधी शोधलं नाही. शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, असंच मी समजत आले होते. अंबाआईनं वेळेवर कान धरला, हे तिचे उपकार.