बाबांचा चष्मा आणि मलेरियाचा धडा

डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं, हे आमचे बाबा दोन वर्षं ठरवत होते. आधी म्हणाले उन्हाळा संपू दे, उन्हानं डोळे तळावतात. मग म्हणाले थंडी सरू दे, लखनौच्या धुक्यात कुणालाच दिसत नाही. मधल्या काळात दोष बल्बचा होता. चाळीसचा काढून साठचा लावला, साठचा काढून शंभरचा. मग नागपूरहून टपालानं येणाऱ्या मराठी पेपरची शाई बिघडली. शेवटी तो पेपर दोन्ही हातांत धरून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची आणि बाबा खुर्चीतून वाचायचे.

खरं कारण वेगळं होतं. ऑफिसातल्या एका बाबूला डोळ्यांच्या डॉक्टरनं सहा महिने वाचायला बंदी केली होती. बाबा आमच्या घराण्यातले पहिले वाचणारे. आपल्या वडिलांना कागदावर अंगठा उठवताना त्यांनी पाहिलं होतं. वाचन बंद झालं तर आपणही पुन्हा अंगठ्यावर येऊ, अशी त्यांना भीती होती. आई रोज रात्री त्यांच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालायची, पण या भीतीपुढं त्याचं काय चालणार?

लखनौच्या आलमबाग आणि तेलीबाग या दोन वस्त्या मिळून आमच्यासारखी पाच-सहा मराठी बौद्ध घरं होती. दर रविवारी पाळीपाळीनं एकेकाकडे वंदना व्हायची आणि नंतर बाबा बुद्धाच्या गोष्टींच्या मराठी पुस्तकातून पंधरा मिनिटं वाचायचे. मोठी माणसं ऐकायची, आम्ही पोरी हिंदीत कुजबुजायचो. पुस्तक बाबांना पाठ झालेलं होतं, त्यामुळे पानं ते अंदाजानं उलटायचे आणि कुणालाच शंका यायची नाही.

जुलैत शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम बाबांचंच. त्या वर्षी कागद उरला म्हणून त्यांनी आपल्या पुस्तकालाही कव्हर चढवलं.

पुढच्याच रविवारी आम्ही तेलीबागला जमलो. त्या घरच्या गृहस्थांची म्हातारी आई नुकतीच नागपूरकडून आली होती. बाबा करुणेबद्दल अगदी रंगून वाचत होते. मी शेजारी बसले होते. सहज पानावर नजर गेली. ते माझं सातवीचं गृहविज्ञान होतं, धडा मलेरियाचा. पानावर मोठा डास काढलेला.

"बाबा, किताब देखो," मी कुजबुजले.

बाबांनी डोळे वटारले. वटारायला मात्र ते उत्तम चालत होते.

वाचन संपल्यावर आजी सरकत पुढं आल्या. "बाबू, मले अक्षर येत नाही. थे रडणाऱ्याचे डोळे पुसायचं कुठी लिवलं हाय, त्याच्यावर माहं बोट ठेव."

बाबांनी त्यांचं बोट धरून एका ओळीवर ठामपणे ठेवलं. ओळ होती, 'नालियों में मिट्टी का तेल छिड़कें,' म्हणजे गटारांत रॉकेल शिंपडा. आजींनी ते बोट कपाळाला लावलं. समोरच्या पोरींनी ओळ वाचली आणि खोलीत एकदम खोकल्याची साथ आली.

रिक्षात मी बाबांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं.

"त्या माउलीनं भरवशानं बोट दिलं माझ्या हातात," एवढंच ते म्हणाले. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली, कारण मला अजून हसू येत होतं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिस बुडवून ते चारबाग स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. "चालीस के बाद सबको लगता है, भाईसाहब. चश्मा लगाइए और ख़ूब पढ़िए," डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांची भीती त्यांनी पाच मिनिटांत निकालात काढली, याचा बाबांना थोडा रागच आला.

चष्मा मिळाला त्या संध्याकाळी खरं पुस्तक घेऊन बाबा तेलीबागला गेले, मलाही नेलं. आजींसमोर बसून त्यांनी सगळं कबूल केलं. डॉक्टर वाचन बंद करतील म्हणून दोन वर्षं टाळलं, तेही सांगितलं.

आजी विचारात पडल्या. "म्हंजे त्या दिवशीचं थे सारं पुस्तकात नव्हतंच?"

"नाही, आई. आपलं पुस्तक मला पाठ आहे, तेच डोक्यातून म्हणत होतो."

"मंग भेत कायले होतास, बाबू? तुह्यं वाचणं कोणता डॉक्टर बंद करन?"

 नव्या चष्म्यातून लख्ख दिसणारी ती डोळे पुसायची ओळ शोधून बाबांनी आजींचं बोट तिच्यावर ठेवलं, मग चष्मा काढला आणि पुढची गोष्ट एक अक्षरही न वाचता तोंडपाठ सांगितली.