माणसं आली की खेळ बंद

मुलीने कुत्र्याचं मादी पिल्लू आणलं ते नुसतं पाळायला नाही, धावायला आणलंय, हे तिने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकलं. अ‍ॅजिलिटी नावाचा खेळ असतो. कुत्रं अडथळ्यांवरून उड्या मारतं, कापडी बोगद्यातून पळतं, सी-सॉवर चढून उतरतं, आणि त्याचा माणूस शेजारून धावत पुढचा अडथळा दाखवत राहतो. मी विचारलं, "म्हणजे माणसालाही धावावं लागतं?"

"तुम्हाला नाही लागणार, बाबा. तुम्ही फक्त पाया घाला."

पाया म्हणजे लहानपणीचे खेळ. हाडं कोवळी असतात तोवर उड्या मारू द्यायच्या नाहीत. त्याऐवजी बादली उलटी ठेवायची, पिल्लू तिला वळसा घालून आलं की चिकनचा तुकडा. शिडी जमिनीवर आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून चालवायचं, कारण मागचे दोन पायही आपलेच आहेत हे कुत्र्याला म्हणे शिकवावं लागतं. फळीखाली टॉवेलची गुंडाळी, एका टोकाखाली स्टीलचं ताट. फळी कलली की ताट वाजतं आणि खाऊ मिळतो, म्हणजे पुढे सी-सॉ आपटला तरी ते दचकत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाची, जुना पंचा फाडून मुलीने वळलेली वेणी. पिल्लाने ती तोंडात धरून ओढायची, आपणही ओढायची, मध्येच त्याला जिंकू द्यायचं. आपल्याशी खेळण्यात त्याला जगातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त मजा वाटली, तरच पुढचं काही शिकवता येतं.

मुलगी सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, पाळ्या बदलत राहतात. मी तिथल्याच दुसऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेला. त्यामुळे दिवसाचे खेळ माझ्याकडे आले. अडचण एकच होती, ती आवाजाची.

"बाबा, आवाज आनंदी पाहिजे."

"हा आनंदीच आहे."

"हा माल परत पाठवतानाचा आवाज आहे."

मग तिने करून दाखवलं. एकदम वरच्या पट्टीत, "कोण आलं गं? कोण आलं माझं? अर्रे वा वा वा!" पिल्लू आनंदाने स्वतःभोवतीच फिरायला लागलं. मी दार लावून घेतलं आणि प्रयत्न केला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्याशी असं एकदा तरी बोललात का?"

मला जमलं. इतकंच नाही, आवडलंही. पण ते गच्चीवर, भर दुपारी, सगळी सोसायटी जेवून आडवी झाल्यावर. याला कारण होतं. सोसायटीत कुठलाही समारंभ झाला, की पाहुण्यांची शाल, त्यांचं लांबलेलं भाषण आणि अध्यक्षांचं वाकणं यांची नक्कल मी दुसऱ्या दिवशी जिन्यात करून दाखवतो आणि लोक पोट धरून हसतात. सकाळी बागेत गोल उभं राहून, हात वर करून, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून हसणारी मंडळी तर माझं हक्काचं गिऱ्हाईक. दुसऱ्यांवर हसवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, पाठ वळल्यावर काय बोललं जातं ती.

म्हणून गच्चीचं दार वाजलं की मी पिल्लाच्या तोंडातली वेणी काढून खिशात कोंबायचो, हात मागे बांधायचो आणि पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बघायला लागायचो. कुणी कपडे काढायला आलेलं असायचं, कुणी टाकी बघायला. ते गेले की पुन्हा वेणी आणि पुन्हा "कोण आलं गं!"

हळूहळू पिल्लू फार शहाणं झालं. दार वाजलं की स्वतःच वेणी सोडून माझ्या पायाशी बसायचं. घरी पाहुणे आले तरी तसंच. "किती गुणी आहे हो! आमच्याकडचं तर अंगावर चढतं," असं लोक म्हणायचे, आणि मी ते कौतुक निमूटपणे खिशात घालायचो. काहींना तर वळण कसं लावायचं यावर चार शब्द ऐकवलेही.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी आम्ही घोटीकडे गेलो. भाताची काढणी झाल्यावर सपाट करून घेतलेल्या एका शेतात हे कुत्रेवाले जमतात. मुलीने महिनाभर आधीपासून या रविवारची सुट्टी धरून ठेवली होती. पिल्लू या खेळाचं आहे की नाही, हे तिला तिथे कळणार होतं.

तिने वेणी काढली. पिल्लाने झेप घेऊन पकडली, गुरगुरलं, ओढलं. तेवढ्यात खुर्च्यांवरची मंडळी नवीन कोण आलंय बघायला वळली. पिल्लाने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडून वेणी सोडली, आणि पासपोर्टच्या फोटोला बसावं तसं ताठ बसलं.

मुलीने आनंदी आवाज काढून पाहिला. चिकन पुढे केलं, तर त्याने ते सभ्यपणे खाल्लं आणि पुन्हा बसलं. शेजारी त्याच्याहून लहान एक पिल्लू आपल्या मालकिणीची ओढणी धरून लोंबकळत होतं. कुणीतरी म्हणालं, "अहो, चांगल्या घरचं आहे, चारचौघांत खेळत नाही!" सगळे हसले. मीही हसलो.

मुलगी त्याला गाडीमागे घेऊन गेली. तिथे ते पुन्हा वेडं होऊन खेळायला लागलं. दोघं जण जवळून गेले, लगेच बसलं. ती उठली आणि माझ्याकडे आली.

"बाबा, गच्चीवर खेळत असताना कुणी आलं तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? थांबतो."

"दर वेळी?"

असे प्रश्न मी मशीनवाल्यांना विचारत आलो होतो. दोष नेमका कुठे शिरतो ते शोधताना असेच विचारावे लागतात, आवाज न चढवता. 

"म्हणजे पिल्लाला बरोबर समजलंय," मुलगी म्हणाली. "माणसं आली की खेळ बंद. तिला वाटतं, नियमच तो आहे." मग म्हणाली, "स्पर्धा रिकाम्या गच्चीवर नसतात हो, बाबा."

परतताना पिल्लू माझ्याच मांडीवर झोपलं. मला मान वर करता येईना. मी त्याला माझी लाज शिकवली होती आणि ते ती कर्तव्य म्हणून पाळत होतं. नाशिक जवळ आलं तेव्हा मुलगी म्हणाली, "राहू द्या, मी पाळी बदलून मागते. मीच खेळवीन." हे ऐकून उरलंसुरलं अवसानही गेलं.

"मागू नकोस," मी म्हणालो. "गेटापाशी खेळवतो. संध्याकाळी."

संध्याकाळी गेटापाशी सगळे असतात. पहिल्या दिवशी मी वेणी हलवत "कोण आलं गं" म्हणालो तेव्हा बाकावरच्या गप्पा थांबल्या. "साहेब, बरे आहात ना?" एकाने विचारलं. पिल्लू बसून राहिलं. मला धाप लागली, कान तापले, आणि ते माझ्याकडे बघत बसून राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग एकदा त्याने वेणी धरली, पण बाकाकडे नजर जाताच सोडली. लहान मुलं आता माझ्या आधी येऊन जागा धरायला लागली होती. जिन्यात कुणीतरी माझा आवाज काढतं हेही बायकोने सांगितलं, आणि हुबेहूब काढतं असंही म्हणाली.

परवा त्याने वेणी धरली आणि ओढायला लागलं, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "अहो, पाण्याचा टँकर येऊन गेला का?"

पिल्लाचे डोळे त्यांच्याकडे गेले. दात किंचित सैल झाल्याचं मला हाताला कळलं. थांबणं शक्य नव्हतं आणि साधा आवाज काढणंही शक्य नव्हतं. बाकावर सगळे ऐकत होते.

"आला गं, आला!" मी वरच्या पट्टीत ओरडलो. "टँकर आला! अर्रे वा वा वा! टाकी अर्धीच भरली! कोण भरणार गं उरलेली?"

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. बाकावर एवढा हशा झाला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. लाजेने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिल्लाने वेणी सोडली नाही. गुरगुरत, मान झटकत, ते मला सगळ्यांच्या समोरून ओढत नेत होतं.