आठ परस, आठ वाव

माझी वाव आखूड आहे, हे मी कोणापासून लपवलेलं नाही. दोन्ही हात आडवे ताणले, की एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जेवढा दोर बसतो, ती एक वाव. मी बुटका, त्यामुळे माझी वाव चारचौघांपेक्षा टीचभर कमी भरते. म्हणून मी भावही कमी लावतो. वडप्याच्या नाक्यावर माझं दोर-ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकवाले रोज येतात आणि रोज तेच बोलतात, "सेठ, हाथ तो पूरा खोलो!" मी म्हणतो, "भगवानने जितना दिया उतना खोल दिया. अब तू बोल, लेना है क्या?" घेतात. हे दुकान मला कोणी वारशात दिलेलं नाही. दापोड्याच्या गोदामांबाहेर फेकलेले दोर आणि फाटक्या ताडपत्र्या गोळा करून, धुऊन, निवडून विकण्यापासून मी सुरुवात केली. घासाघीस करतो, आवाज चढतो, शिव्याही जातात. पण मापात खोट केली नाही.

आमच्या गावात मात्र मी आजही आखूड मापाचा माणूस आहे. तो शिक्का मारला माझ्या थोरल्या चुलतभावाने.

गावच्या विहिरीचा गाळ दर वर्षी वैशाखात काढतात. नळ आलेत, पण नळाला पाणी येईल तेव्हा खरं. त्यामुळे विहीर सांभाळावी लागते, आणि घरटी एक माणूस जातो. विहीर आठ परस खोल. परस म्हणजे उभा पुरुष. जुनी माणसं खोली अशीच सांगायची, आणि आमच्याकडे अजून तशीच सांगतात. माणूस जेवढा उंच तेवढीच त्याची वाव, म्हणून आठ परसांच्या विहिरीला आठ वाव दोर, असा सरळ हिशोब. हिशोब खरा आहे, पण परस आणि वाव एकाच माणसाची असेल तरच. आमची विहीर ज्याने खणली, तो म्हणे दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे. परस त्याची, वाव माझी.

हा शिक्का बसला त्या वर्षी तो चुलतभाऊ दुकानात आला. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच.

"आठ वाव दोर काढ. जाड दे."

"दादा, दहा घे."

"विहीर आठ परस हाय."

"झाडाला गाठ मारायला दोर लागंल. आन् माझी वाव आखूड हाय, तुला माहीत हाय."

तो हसला. "शेट झालास तू. आठ मागितलं की दहा गळ्यात घालतोस. वाव नाय तुझी, नियत आखूड हाय."

दुसरा कोणी असता तर मी त्यालाही सुनावलं असतं आणि वर दोन वाव दोर फुकट टाकला असता. ट्रकवाल्यांना मी टाकतोच. पण हे घरच्या माणसाने म्हटलं, आणि माझं डोकं सटकलं. "घे मग आठच," मी म्हणालो. "बोटभर जास्त मिळणार न्हाय." मी आठ वेळा हात ताणले, छाती दुखेपर्यंत ताणले, आणि कोयता मारला.

गाळाच्या दिवशी मीही गेलो. पंप लावून पाणी उपसलेलं होतं. भावाने माझा दोर काठावरच्या उंबराला तीन वेढे घालून बांधला आणि दोर धरून, दगडांतल्या खोबणींत पाय देत खाली उतरला. तळ अरुंद, तिथे एकच माणूस मावतो. दोर तळापर्यंत पोचला नव्हता. शेवटच्या खोबणी ढासळलेल्या, तेव्हा उरलेलं अंतर त्याने उडी मारून काढलं. वर सगळे हसले. मी हसलो नाही. दोर किती कमी पडलाय, ते मला दिसत होतं.

दोन तास घमेली वर आली. मग लाइट गेली आणि पंप थांबला. गाळ निघाल्यावर झरे मोकळे झालेले, पाणी बघता बघता चढायला लागलं. भाऊ मांडीपर्यंत चिखलात रुतला होता. त्याने आधी घमेल्याचा दोर धरला. तो जुना, त्याच्या वजनाने तटकन तुटला. मग माझ्या दोराकडे हात वर केला. दोराचं टोक त्याच्या बोटांच्या वर, हातभर.

"खाली सोडा रं!"

सोडायला होतंच काय? कोणी म्हणालं शिडी आणा, कोणी म्हणालं दुसरा दोर आणा. दुसरा दोर माझ्या दुकानात, पाणी त्याच्या कमरेला. मी ओरडलो, "उंबराचे वेढे सोडा! सगळे वेढे सोडा आन् हातात धरा!" गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना. एकाने ती कोयत्याने तोडली. चौघांनी दोर धरला, शेवटचं टोक मी मनगटाला गुंडाळलं आणि काठावर पालथा पडलो. दोर खाली सरकला. मी खाली बघत होतो. त्याने पकडला, एका हाताने, मग दुसऱ्या. त्याचं सगळं वजन एकदम आलं तेव्हा माझं मनगट सोलून निघालं. चिखल त्याला सोडत नव्हता. तीनदा ओढलं, चौथ्यांदा सुटला.

वर आल्यावर तो बराच वेळ काठावर उताणा पडून होता. मी त्याच्या शेजारीच बसलेलो, मनगटावरून रक्त चाललेलं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "याच्या वावेनं आज माझा जीव घेतला असता."

मी दहा घे म्हणालो होतो, हे मी तिथेच सांगितलं. कोणी ऐकलं नाही. भावाला विचारलं, "सांग, म्हनालो का न्हाय?" तो म्हणाला, "मला न्हाय आठवत." दुकानात तिसरं कोणी नव्हतं. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. दुकानाच्या फळीवर मी पितळी पट्टी ठोकून घेतली, गिऱ्हाइकाने म्हटलं तर मीटरने मोजून देतो. गावातलं माणूस मात्र माझ्याकडे दोर घ्यायला येत नाही. भिवंडीला जाऊन घेतात, जास्त पैसे मोजून.

परवा वहिनी आली, त्याची बायको. रविवारी गाळ काढायचा आहे, दोर हवा आहे. या वेळी त्याचा मुलगा उतरणार.

"किती देऊ?" मी विचारलं.

"आठ परसांना दहा वाव लागतात, असं ह्यांनी सांगितलंय भावजी. तुमच्या हाताच्या."

म्हणजे त्याला आठवत होतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. दुकानात त्या दुपारी मी जे म्हणालो ते आकड्यासकट त्याने एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं मन मोकळं होईल. उलट कानशिलं तापली.

"वहिनी, दोर कापून ठेवतो," मी म्हणालो. "न्यायला त्याला पाठव. त्यानं इथं यावं, या फळीसमोर उभं राहावं आन् दहा म्हणावं."

"ते न्हाय येनार, भावजी."

"मग दोरबी न्हाय येनार."

ती गेली. मी दोर काढला. दहा वाव मोजला, पूर्ण हात ताणून, आणि वर उंबराच्या वेढ्यांसाठी दोन. वेटोळं करून फळीखाली ठेवलं. गिऱ्हाईक आलं की माझा पाय त्या वेटोळ्याला लागतो.

आज शुक्रवार. तो अजून आलेला नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मी त्याची वाट बघणार. आणि नाहीच आला, तर रविवारी सकाळी तो दोर खांद्यावर टाकून विहिरीवर मीच जाणार आहे, हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.